अकरा मुलं, फी सव्वीस हजार, मग सुटतात किती? नाशिकमधल्या एका घरगुती पाळणाघराचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि सोसायटीचे काही तपशील बदलले आहेत. रकमा त्या घरातल्या वहीवरून, थोड्या गोळाबेरजेने घेतल्या आहेत.)

पार्श्वभूमी

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना ‘महिन्याला किती सुटतात?’ असं विचारलं की उत्तर बहुधा मुलांच्या संख्येत येतं. ‘अकरा मुलं आहेत, चाललंय बरं.’ या प्रकरणातल्या काकूंनीही हेच सांगितलं होतं. मी घरगुती व्यवसाय करणाऱ्या बायकांचे हिशेब लिहून देते. त्यात पोळीभाजीवाल्या आहेत, शिवणकामवाल्या आहेत, शिकवण्या घेणाऱ्या आहेत. त्या सगळ्यांपेक्षा पाळणाघराचा हिशेब अवघड. आज राहिलेला ब्लाउज उद्या शिवता येतो, पण आज रिकामी राहिलेली मुलाची जागा उद्या विकता येत नाही.

काकूंचं घर इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याच्या मधल्या पट्ट्यात, तळमजल्यावर, दोन बेडरूमचं. अंबडची औद्योगिक वसाहत जवळ, त्यामुळे पालक बहुतेक तिकडचेच: कंपनीत क्वालिटीला असलेली आई, पॅकिंगवर जाणारी आई, एक-दोन बँकवाल्या, एक नर्स. काका स्वतः अंबडमध्येच एका कंपनीत. मुलगा इंजिनिअरिंगला. हॉलमध्ये सतरंज्या, एका बेडरूममध्ये ओळीने गाद्या, आणि हॉलच्या छताच्या कडीला साडीची झोळी. शेजारणीच्या बाळासाठी बांधलेली ही झोळी पुढे उतरलीच नाही, आणि पाळणाघर असं नाव न देताच पाळणाघर सुरू झालं.

या धंद्याला गिऱ्हाईक कुठून येतं हेही सांगायला हवं. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचं झालं की आईला कामावर हजर व्हावं लागतं. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. पण काकूंकडच्या बहुतेक आया छोट्या युनिटमध्ये काम करणाऱ्या. तिथे पन्नास माणसंच नाहीत, मग पाळणाघर कुठलं? सहा महिन्यांचं बाळ आणि गावाकडे राहणारी आजी, अशी घरं काकूंच्या दारात येतात.

अडचण

२०२४ च्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. मदतीला असलेल्या मावशींनी पगार ८,००० वरून १०,००० मागितला. बाजूच्या नव्या टॉवरमध्ये त्यांना तेवढे मिळत होते, आणि त्या खरं सांगत होत्या. दुसरी गोष्ट, एका बाळाची आई उंबऱ्यातच हेल्मेट न काढता म्हणाली, “काकू, मे महिना आम्ही निफाडला आहोत हं. मग फी नाही ना धरायची?”

काकू सवयीने “नाही गं, कशाला” म्हणाल्या. रात्री त्यांनी बोटांवर मोजलं तेव्हा मे महिन्यात चारच मुलं राहत होती. मावशींचा पगार मात्र पूर्ण द्यायचा. मे महिन्यात त्यांना सुट्टी द्यावी, तर जूनमध्ये त्या परत येतील याची खात्री नाही.

मी गेले तेव्हा काकूंनी पुढे केली ती किराणा दुकानातून मिळालेली डायरी. एका पानावर ‘छोटी ३ खाडे – ३५०’, त्याखाली ‘दूध २ लि., टमाटे, जिरं’, त्याखाली ‘वरच्या मजल्यावरचे ५०० बाकी’, आणि कोपऱ्यात काकांच्या बीपीच्या गोळीचं नाव. घर आणि पाळणाघर एकाच पानावर नांदत होतं. अकरा मुलांच्या अकरा फिया, सगळ्या तोंडी ठरलेल्या, ज्याची जशी भीड पडली तशा. मोठा भाऊ आधी इथेच होता म्हणून धाकट्याला कमी. आई माहेरची ओळखीची म्हणून कमी. एकीने सुरुवातीलाच घासाघीस केली म्हणून कमी. जास्त कुणालाच नाही.

वही उलगडल्यावर

कागदावरची महिन्याची फी अशी होती. दिवसभर राहणारी चार मुलं मिळून १२,८००. नर्सरी सुटल्यावर दुपारी बारा-साडेबाराला येणारी चार मिळून ८,७००. शाळा करून येणारी तीन मोठी मुलं मिळून ४,८००. एकूण २६,३००. वर्षाचे ३,१५,६०० व्हायला हवेत.

डायरी, काकूंचं बँक पासबुक आणि फोनवरच्या यूपीआयच्या नोंदी जुळवून आम्ही मागच्या बारा महिन्यांची जमा काढली. ती निघाली २,४७,०००. म्हणजे ६८,६०० रुपये फी ‘ठरलेली’ होती, पण आलेली नव्हती. गेली कुठे? मे महिन्यात १५,३०० आणि दिवाळीत ११,०००, मुलं मामाच्या गावाला गेली म्हणून. वर्षभरात सर्दी-ताप, लग्न, पाहुणे या नावाखाली कापलेले खाडे साधारण २०,०००. न सांगता मूल काढून घेतल्यावर जागा भरेपर्यंतची खोट १४,५००. आणि ७,८०० एका कुटुंबाकडे बुडाले. ते भाड्याचं घर सोडून गेले, फोन उचलत नाहीत.

यातला फक्त शेवटचा आकडा काकूंना ठाऊक होता. तो त्यांना लागलाही होता, कारण तो अपमान होता. बाकीचे साठ हजार त्यांनी आपल्या हाताने, हसत हसत सोडले होते.

खर्च महिन्याला १३,३००: मावशींचा पगार ८,०००, दूध-बिस्किटं-फळं-संध्याकाळचा खाऊ २,६००, विजेचा वाढीव भाग ९००, फिनाइल-साबण-टिश्यू ६००, गॅसचा अंदाजे वाटा ५००, खेळणी आणि गाद्यांची झीज ४००, किरकोळ ३००. मावशींचा दिवाळी बोनस यात नाहीच. तो काकांच्या बोनसमधून जायचा, आणि ही गोष्ट काकांना त्या दिवशी कळली.

सरासरी जमा २०,५८३, खर्च वजा जाता ७,२८३. काकूंचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन साडेसातला संपायचा. अकरा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २७५ तास. भागाकार केला तर काकूंना तासाला साडेसव्वीस रुपये पडत होते. मावशींना आठ तासांच्या हिशेबाने चाळीस. घर काकूंचं, जबाबदारी काकूंची, पोर पडलं तर पालकांपुढे उभं राहायचं काकूंनीच.

काका पेपर खाली ठेवून म्हणाले, “भीड भिकेची बहीण.” काकूंना ते आवडलं नाही. मलाही त्या क्षणी ते बोलायला नको होतं असं वाटलं, पण मुद्दा त्यांचाच बरोबर होता.

आणखी एक आकडा निघाला, आणि पुढचे निर्णय खरं तर त्याच्यावर फिरले. फी तासांनी भागली तर शाळकरी मुलामागे तासाला साधारण १४ रुपये मिळत होते, नर्सरीच्या मुलामागे साडेचौदा, आणि दिवसभर राहणाऱ्या मुलामागे साडेतेरा. म्हणजे ज्याला भरवायचं, धुवायचं, झोळीत हलवत बसायचं, त्या बाळाची फी तासाला सगळ्यांत कमी. कोपऱ्यात बसून गृहपाठ करणारा चौथीतला मुलगा बाळापेक्षा जास्त देत होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्याच मनात येतो: सरसकट पाचशे वाढवा. कागदावर ५,५०० वाढतात. पण खाडे आणि मे महिना तसाच राहिला तर त्यातलाही पाचवा हिस्सा गळणार, आणि उरलेल्यातले २,००० थेट मावशींकडे जाणार. शिवाय बाळ आणि चौथीतला मुलगा यांच्यातला उलटा हिशेब तसाच राहतो.

दुसरा, मुलं पंधरा करायची. मागणी होती, जूनसाठी तीन चौकश्या आलेल्या. काकूंचा ओढा इकडेच होता. पण पंधरा मुलांना एक मावशी पुरत नाही, आणि दुसरी ठेवली की वाढलेल्या चार फिया जवळपास तिच्यातच जातात. तळमजला असला तरी सोसायटीत आधीच कुरबुर होती: चपला, संध्याकाळच्या दुचाक्या, दुपारचं रडणं. विजेचं एक कलमही आडवं आलं. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाला महावितरणचा घरगुती दर लागतो, पण वापर महिन्याला ३०० आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल तरच. काकूंचा उन्हाळ्यातला वापर कूलरवरच तीनशेच्या काठाला टेकत होता. पंधरा मुलं म्हणजे दुसऱ्या खोलीत एसी, आणि मग सगळ्या घराचंच बिल व्यावसायिक दराकडे जाण्याची भीती. हा मुद्दा बहुतेक पाळणाघरवाल्यांच्या गावीही नसतो.

तिसरा पर्याय एका पालकाने आणला. त्यांच्या कंपनीला पाळणाघराची सोय दाखवायची होती. कायद्यात ती बाहेर, इतरांबरोबर मिळून केली तरी चालते. फी कंपनी देणार, दर चांगला. पण अटींमध्ये कॅमेरे, दर महिन्याचं बिल, प्रशिक्षित बाई आणि बिलानंतर पंचेचाळीस दिवसांनी पैसे. दूधवाला पंचेचाळीस दिवस थांबत नाही. काकूंनी दोन दिवस विचार करून नाही म्हटलं. मला तो नकार तेव्हा घाईचा वाटला होता, आजही थोडा वाटतो. निदान दोन जागा कंपनीला देऊन बघता आल्या असत्या.

कॅमेऱ्याबद्दल मात्र वेगळा विचार झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यातच सापडली होती, आणि तेव्हापासून नवा पालक पहिल्या भेटीत कॅमेऱ्याचं विचारतोच. काकूंनी हॉलमध्ये एक बसवला. आतल्या खोलीत, जिथे मुलांचे कपडे बदलतात, तिथे नाही.

चौथा पर्याय म्हणजे फीची घडीच बदलायची: फी हजेरीची नाही, जागेची. यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला.

निर्णय कसे झाले

फी जागेची धरायची, हे काकूंना तत्त्व म्हणून लगेच पटलं. तोंडातून निघणं अवघड होतं. “मूल आलंच नाही तर पैसे कसे मागू?” हा त्यांचा खरा प्रश्न. मी विचारलं, मुलगा इंजिनिअरिंगला महिनाभर गेला नाही तर कॉलेज फी परत देतं का? त्यावर त्या म्हणाल्या, “ते कॉलेज आहे, मी काकू आहे.” वाद तिथेच थांबला. अखेर पटलं ते मावशींच्या उदाहरणाने: मूल तापाने घरी राहिलं तरी मावशी येतात, आणि त्यांचा पगार कापायचा विचार काकूंच्या मनात कधी आला नव्हता.

मग दर. ते ठरवताना एक मर्यादा पहिल्यापासून समोर होती. घरोघरी पाळणाघराची फी आईच्याच पगारातून वजा केली जाते. बाळ दोघांचं असतं, पण ‘तुझ्या पगारातले एवढे तिकडेच जातात’ हे ऐकावं लागतं ते तिलाच. हातात अठरा हजार येणाऱ्या बाईला सहा हजार फी सांगितली की रिक्षा-पेट्रोल धरून घरातलं कुणीतरी म्हणतं, नोकरी सोड. तेव्हा वरची मर्यादा कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या फ्रँचायझीवाल्या डे केअरची नव्हे, अंबडच्या पगाराची. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दिवसभराचे ५,०००, त्यावरच्या मुलाला ४,३००, नर्सरीनंतर येणाऱ्याला २,७००, शाळेनंतर येणाऱ्याला १,९०० असं ठरलं. दोन वर्षांच्या आतली बाळं जास्तीत जास्त दोन, कारण मावशी आणि काकू मिळून मांड्या दोनच.

नियम एका पानावर लिहिले. फी पाच तारखेच्या आत, आगाऊ. एक महिन्याची अनामत, मूल काढताना महिनाभर आधी सांगितलं तर परत. एक-दोन दिवसांचे खाडे कापले जाणार नाहीत; सलग पंधरा दिवसांहून जास्त गैरहजेरी आधी कळवली तर त्या काळाची अर्धी फी. मे महिन्यात न येणाऱ्याने जागा राखायला अर्धी फी. दिवाळीचे पाच दिवस पाळणाघर बंद, त्याची कपात नाही. वेळ नऊ ते साडेसहा, सातपर्यंत सवलत, त्यानंतर अर्ध्या तासाला ५० रुपये.

अनामत काकूंनी घरखर्चात येऊ दिली नाही. पोस्टात वेगळं बचत खातं काढलं. जुन्या पालकांकडून ती दोन हप्त्यांत घेतली.

सगळ्यांत नाजूक निर्णय एका घराचा होता. वडील रिक्षा चालवतात, आई पॅकिंगवर, मूल नर्सरीनंतर येणारं, फी २,०००. वाढीव सातशे त्यांना जड. काकू म्हणाल्या, त्यांचे वाढवायचे नाहीत, आणि कुणाला सांगायचंही नाही. पहिली गोष्ट मी मान्य केली. दुसरीला हरकत घेतली: पालकांना सांगू नका, पण वहीत लिहा. फी २,७००, सवलत ७००, जमा २,०००. अशी सवलतीची जागा एका वेळी एकच. वहीत लिहिली म्हणजे ती काकूंनी ठरवून दिलेली, नाही लिहिली तर पुन्हा गळती.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची, ती दिली. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वीस लाखांच्या उलाढालीनंतर, तेव्हा तो प्रश्न नव्हता. नफा प्राप्तिकराच्या मर्यादेच्या खूप खाली. पावत्या सुरू झाल्यावर एका वडिलांनी विचारलं, “पावतीवर ‘शाळेची फी’ लिहाल का? ८०सी मध्ये दाखवतो.” ती प्राप्तिकरातली वजावट शिक्षण शुल्काची, पाळणाघराची नाही. काकूंनी ‘पाळणाघर शुल्क’ असंच लिहिलं. ते नाराज झाले, पण मूल राहिलं.

काय झालं

नव्या फीचं आणि नियमांचं पत्र पालकांना मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलं आणि जूनमध्ये तीन मुलं गेली. एक बाळ दोन गल्ल्या पलीकडे साडेतीन हजारांत गेलं, एका शाळकरी मुलाची आजी गावाहून येऊन राहिली, तिसरे काही न बोलता गेले. काकूंचा धीर सुटला. फोनवर आवाज बारीक: “अकराची आठ झाली गं.”

मग आम्ही पाच तारखेची जमा बघितली. आठ मुलांचे २४,८०० आले होते. अकरा मुलं असताना वर्षाची सरासरी २०,५८३ होती. मावशींना वाढवलेले २,००० देऊनही हातात आधीपेक्षा जास्त, तीन मुलं कमी असताना. काकू तेव्हापासून मुलांची संख्या सांगायच्या बंद झाल्या असं नाही, पण आता सोबत जमाही सांगतात.

ऑगस्टमध्ये एक बाळ आलं, सप्टेंबरमध्ये नर्सरीचं एक मूल. दहा मुलं, महिन्याची फी ३२,५००, सवलतीचे सातशे वजा जाऊन. जून २०२४ ते मे २०२५ या वर्षाची जमा ३,५२,०००. खर्च महिन्याला १६,४८३, यात मावशींचे १०,००० आणि या वेळी बोनसही धरलेला. काकूंना सुटले महिन्याला १२,८५०. रोजचे तास अकरावरून दहावर आले, म्हणजे तासाला ५१ रुपये. आधीच्या जवळपास दुप्पट. तरी अंबडमधल्या कंपनीत कामाला जाणाऱ्या बाईच्या पगाराशी तुलना केली तर ही कमाई थोडीच आहे, आणि घराचं भाडं यात धरलेलंच नाही. भाड्याची जागा घेऊन हेच गणित मांडलं तर ते बसत नाही. घरगुती पाळणाघर स्वस्त पडतं, कारण बाई स्वतःचं घर फुकट वापरायला देते.

उशिराच्या दंडाने मात्र उलटं केलं. आधी दोन-तीन पालक उशीर करायचे आणि ओशाळे होऊन यायचे. द्वारका चौकात अडकलो, सुपरवायझरने थांबवलं, असं काहीतरी सांगायचे. दंड लागल्यावर ओशाळेपण गेलं. एका वडिलांनी तर संध्याकाळी साडेसहालाच फोन केला: “काकू, आज शंभराचं धरा, आठ वाजतील.” पन्नास रुपयांत अर्धा तास विकत मिळतो म्हटल्यावर कोण धावतपळत येईल? इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत हाच प्रयोग झाला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दंड सुरू केल्यावर उशिरा येणारे पालक वाढले, आणि दंड काढल्यावरही कमी झाले नाहीत. काकूंना हैफाचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच दोन महिन्यांत दंड बंद केला आणि दुसरा नियम लावला: महिन्यात तीनदा उशीर झाला तर पुढच्या महिन्यापासून फी आठ वाजेपर्यंतची, म्हणजे ८०० जास्त, आणि अशी जागा एकच. ज्यांना खरंच उशीर होतो त्या नर्सबाईंनी ती जागा घेतली. बाकीचे वेळेवर यायला लागले. शंभराचं धरायला सांगणारे वडील तर सर्वांत आधी.

वेगळं काय करता आलं असतं

पत्र उशिरा गेलं. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्यावर. पालक मुलांची सोय मार्च-एप्रिलमध्येच लावून टाकतात. मेअखेरीस फी वाढल्याचं कळलं की चिडतात, आणि काकूंनाही रिकामी जागा भरायला ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. मार्चमध्ये पत्र गेलं असतं तर तीन गेली असती तरी त्या एप्रिलमधल्या चौकश्या हातात होत्या. दोन महिन्यांच्या त्या रिकाम्या जागांची किंमत काकूंनी एकट्याने मोजली.

बाळ आणि मोठं मूल यांच्या फीतली दरी एकदम मोठी झाली. साडेतीन हजारांवरून पाच हजार ही उडी कुठल्याही घराला लागते. बाळाची फी दोन टप्प्यांत नेली असती तर गेलेलं बाळ कदाचित राहिलं असतं. काकूंचं मत उलट आहे: “टप्प्यांत म्हटलं असतं तर दुसरा टप्पा मी मागितलाच नसता.” स्वतःला त्या माझ्यापेक्षा चांगलं ओळखतात, तेव्हा हा मुद्दा मी सोडून दिला.

मावशींच्या रजेचा विचार कुणीच केला नव्हता. डिसेंबरमध्ये त्या आजारी पडल्या आणि आठ-नऊ दिवस काकू एकट्या. दोन बाळं, आठ मुलं. काकांनी दोन दिवस रजा घेतली आणि दुपारी झोळी हलवली. फी जागेची म्हणून पालकांकडून पूर्ण घ्यायची, तर पाळणाघरही उघडं राहायला हवं. बदली बाईसाठी महिन्याला काही रक्कम बाजूला काढली पाहिजे, आणि ती खर्चात धरूनच दर ठरला पाहिजे. काकूंच्या ५१ रुपयांतून हा खर्च अजून वजा झालेला नाही.

कंपनीच्या प्रस्तावाचं मी वर लिहिलंच. सिंहस्थ २०२७ च्या तयारीत शहरभर रस्ते खोदलेले असताना पालकांना कामाच्या जवळचं पाळणाघर हवंसं वाटतंय, आणि तशी विचारणा पुन्हा एकदा आली आहे. या वेळी काकूंनी नकार दिलेला नाही. पैसे पंधरा दिवसांत द्या, एवढी एकच अट त्यांनी उलट पाठवली आहे. दरम्यान पुढच्या वर्षाचं पत्र पालकांना मार्चच्या पहिल्याच आठवड्यात गेलं. त्यात बाळाच्या फीत २०० ची वाढ, बदली बाईसाठी प्रत्येक मुलामागे ५० रुपये, आणि मावशींच्या वर्षातल्या बारा पगारी सुट्ट्यांची यादी आहे.